ल मांची २४ तासांची शर्यत पाहायला जाताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

फ्रान्समधल्या ल मां इथं दर जूनमध्ये होणाऱ्या २४ तासांच्या मोटार शर्यतीला मी तीनदा जाऊन आलो आहे. तिथं जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न घेतो आहे.

पुढच्या जूनमध्ये जायचं ठरवलं आहे. आधी तिकीट काढू की व्हिसा? (पुणे)

आधी तिकीट. आयोजक क्लबच्या संकेतस्थळावर विक्री आदल्या वर्षीच, साधारण आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पहिला मान क्लबच्या सभासदांचा असतो. २०२५ साली ३,३२,००० प्रेक्षक आले होते, तेव्हा मे महिन्यात चौकशी करून काही हाती लागत नाही. तंबूची जागा हवी असेल तर तीही तिकिटाबरोबरच घेऊन टाका.

शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. त्या १५ दिवसांवर विसंबू नका. एप्रिल-मे म्हणजे उन्हाळी सहलींची झुंबड. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करून मोकळे व्हा. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. कॅम्पची पावती आणि उरलेल्या रात्रींचं हॉटेल बुकिंग तारखांनुसार लावून द्या, एकही रात्र मोकळी ठेवू नका. जोडून स्वित्झर्लंड करणार असाल तर जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

टीव्हीवर सगळं दिसतं. मग तिथं जाऊन नेमकं काय बघायचं? आणि स्टँडचं तिकीट घ्यावं का? (कोल्हापूर)

तुम्ही पत्रात लिहिलंय की कॉलेजात असताना गो-कार्टिंग करायचात. मग तुम्ही तर जायलाच हवं.

स्टँडच्या सीटचा खरा उपयोग दोनदाच होतो. शनिवारी दुपारी चारला शर्यत सुटते तेव्हा आणि रविवारी चारला संपते तेव्हा. मधला सगळा वेळ तुम्ही पायी फिरत असता. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची आहे, एका जागेवरून तिचा लहानसा तुकडाच दिसतो. म्हणून पहिल्या खेपेला साधं प्रवेश तिकीट पुरे, असंच मी सांगेन. मातीच्या उतारांवर बसून छान दिसतं. मात्र सगळी शर्यत बघायचीच, हा हट्ट सोडा. दोन-तीन जागा निवडा आणि तिथं भरपूर वेळ थांबा.

त्यातली एक जागा टर्त्र रूझ, आणि तिथं जायचं ते रात्री. या वळणावरून गाड्या मुल्सानच्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याला लागतात. एरवी हा तूर शहराकडे जाणारा साधा रस्ता, लोक त्यावरून भाजी आणायला जातात. वेगाला आवर घालायला १९९० साली त्यावर दोन चिकेन, म्हणजे मुद्दाम केलेली नागमोडी वळणं, घातली, तरी गाड्या ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास पोचतात.

पहाटे तीनला कुंपणाशी उभे राहा. आधी झाडांच्या बुंध्यांवरून उजेड सरकतो, मग गाडी येते, आणि ती गेल्यावर तापलेल्या रबराचा वास मागे राहतो. तासाभरात तुम्ही डोळे मिटून गाड्या ओळखायला लागता. कॉर्व्हेटच्या व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज खर्जातला, छातीत घुमणारा. २०२५ मध्ये पहिल्यांदा उतरलेल्या ॲस्टन मार्टिन व्हॅल्कीरीच्या बारा सिलिंडरच्या व्ही१२चा थेट तार सप्तकात, तो लांब मुल्सानकडे गेला तरी ऐकू येत राहतो. टीव्हीवर समालोचक बोलत असतात, त्यामुळे हे कधी कळतच नाही.

दुसरी जागा आर्नाज. हे सगळ्यात हळू वळण. अंधारात ब्रेकच्या चकत्या निखाऱ्यासारख्या फुलतात आणि गाडी वळली की विझत जातात. मुख्य भागापासून हे लांब आहे. प्रेक्षकांसाठी बस असते, तिच्या परतीच्या वेळा आधी बघून ठेवा.

भारतीय कोणी धावलं आहे का, हेही तुम्ही विचारलंत. करुण चंढोक २०१२ मध्ये धावला. ल मांमध्ये धावणारा तो पहिला भारतीय आणि त्याची गाडी सहावी आली.

एवढ्या गाड्यांत पुढे कोण आहे हे कळतं कसं? (सोलापूर)

बासष्ट गाड्या आणि तीन वर्ग: हायपरकार (सगळ्यात वेगवान), एलएमपी२ (शर्यतीसाठीच बांधलेल्या, त्यांच्याहून थोड्या हळू) आणि एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या). एकाच रस्त्यावर तीन शर्यती चाललेल्या असतात, त्यामुळे पहिले दोन तास गोंधळ उडणारच. एक छोटा एफएम रेडिओ न्या. ९१.२ वर इंग्रजी समालोचन चालू असतं. मोबाइलच्या नेटवर्कवर एवढ्या गर्दीत भिस्त ठेवू नका. आणि प्रत्येक वर्गातली एकच गाडी आपली मानून तिच्यावर लक्ष ठेवा.

सात वर्षांच्या मुलीला नेऊ का? (ठाणे)

न्या. पण कानांना कापसाचे बोळे चालणार नाहीत. लहान मुलांचे, पूर्ण कान झाकणारे इअरमफ इथूनच घ्या आणि घरी दोन-चार दिवस घालायची सवय करा. ऐन वेळी मुलं ते काढून फेकतात. शुक्रवारी ड्रायव्हरांची मिरवणूक शहरातून निघते, ती तिच्यासाठी शर्यतीपेक्षा मोठी ठरेल. जूनमध्ये तिथं जवळजवळ दहापर्यंत उजेड असतो, म्हणून घड्याळ बघून झोपवा. रात्री आईबाबांनी पाळी लावावी, एकानं तंबूत, एकानं कुंपणाशी.

आम्ही शाकाहारी. तंबूत स्वयंपाक जमेल का? (नाशिक)

जमेल, पण गॅसचं नळकांडं विमानात नेता येत नाही, तिथल्या दुकानातून घ्यावं लागतं. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे, भडंग खुशाल न्या. तिथं ब्रेड, फळं, तळलेले बटाटे आणि गोड क्रेप मिळतात, त्यामुळे उपाशी राहणार नाही.

अन्नापेक्षा मला काळजी अंथरुणाची वाटते. दिवसा छान ऊन असतं आणि रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. पहिल्या वर्षी मी नुसती शाल घेऊन गेलो होतो. पहाटे अंगावर ओला टॉवेलसुद्धा ओढला. चांगली स्लीपिंग बॅग, रेनकोट आणि एक जास्तीचा बुटांचा जोड घ्याच. २०२४ मध्ये इतका पाऊस झाला की रात्रीतले चार तासांहून जास्त सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या (धोका असताना वेग कमी ठेवायला पुढे चालणारी आयोजकांची गाडी) मागे रांगेत होत्या, आणि चिखल वेगळाच.

पॅरिसहून गाडी भाड्यानं घ्यावी का? (डोंबिवली)

नको. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान रेल्वे तासाभरात ल मांला सोडते, आणि तिथून ट्राम सर्किटजवळच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाते.

रजा चारच दिवस असेल तर गुरुवारी पोचा म्हणजे रात्रीचा सराव मिळेल. फक्त रविवार संध्याकाळची परतीची रेल्वे ठरवू नका. चारला झेंडा पडतो, मग प्रेक्षकांना ट्रॅकवर सोडतात आणि पोडियमखाली माणसांचा समुद्र होतो. दिवसभर जिथं गाड्या सुसाट गेल्या, त्या डांबरावर वाकून हात टेकवा, ते अजून गरम असतं. सोमवारी सकाळच्या रेल्वेचं तिकीट काढा.