पत्रकातला एक शब्द आणि न सांगितलेला डाग

पाळी गेल्यानंतर योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी डॉक्टरांनी इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचे क्रीम लिहून दिले, पण सोबतच्या पत्रकात कॅन्सरचा इशारा आहे, मग ते लावावे की नाही, असे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पन्नाशीच्या बायका मला वरचेवर विचारतात. बहुतेक वेळा हा प्रश्न थेट येत नाही. आधी गुडघे, झोप, सूनबाई असे सगळे बोलून होते आणि उठता उठता, पदर सावरत, खरी गोष्ट निघते.

निपाणीकडच्या एक बाई अशाच आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वय ५३, पाळी जाऊन पाच वर्षे झालेली, अर्धे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेले. लघवीला जळजळ होते म्हणून वर्षभरात तीनदा अँटिबायोटिक घेऊन झाले होते. संबंधाच्या वेळी होणाऱ्या त्रासाबद्दल त्या एवढेच म्हणाल्या, "यांच्या जवळ जायलाच नको वाटतंय, आणि कारण सांगायला तोंड होत नाही."

पिशवीतून त्यांनी चेपलेला खोका काढला. आतले इंग्रजी पत्रक आठ घड्यांचे झाले होते आणि त्यात कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने 'कॅन्सर' या शब्दाखाली बॉलपेनने दोन रेघा ओढल्या होत्या. ट्यूब जेमतेम वापरलेली होती. क्रीम आत सोडण्यासाठी दिलेली नळी तर प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही आली नव्हती. जळजळ वाढली की बोटाच्या टोकावर थोडे घेऊन वरवर लावायचे, बरे वाटले की सोडून द्यायचे, असा दोन महिन्यांचा क्रम होता. भीतीपोटी औषध असे अर्धेमुर्धे लावले तर गुण येत नाही, आणि वर औषधच वाईट असे नाव होते.

पत्रकातला इशारा कुठून आला, ते मी त्यांना सांगितले. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेनच्या (गर्भाशयाच्या अस्तराला जपण्यासाठी जोडीला देतात त्या हॉर्मोनच्या) गोळ्या तपासल्या जात होत्या, आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसल्यावर २००२ मध्ये अभ्यासाचा तो भाग थांबवण्यात आला. त्यानंतर तो इशारा इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर सरसकट छापला गेला. योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅमची इस्ट्रॅडिओलची (हा इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा घेतली, तर वर्षभरात मिळून साधारण १.१४ मिलिग्रॅम औषध होते, म्हणजे पोटात घ्यायच्या १ मिलिग्रॅमच्या सुमारे एका गोळीइतके. बाईंचे क्रीम इस्ट्रिऑलचे, म्हणजे वेगळ्या आणि सौम्य इस्ट्रोजेनचे होते. त्याला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, पण ठरल्या मात्रेत तेही रक्तात फारच थोडे उतरते. म्हणूनच गर्भाशय असले तरी अशा कमी मात्रेच्या औषधाबरोबर सहसा प्रोजेस्टोजेन द्यावे लागत नाही. दंडाला किंवा मांडीला लावायच्या इस्ट्रोजेनच्या जेलची गोष्ट मात्र निराळी आहे. ते मुद्दाम रक्तात जाण्यासाठीच असते, गर्भाशय असेल तर त्याला प्रोजेस्टोजेनची जोड लागते, आणि लावल्यावर निदान तासभर ती जागा नातवंडाच्या अंगाला लागू देऊ नये.

हे ऐकून त्या सैलावल्या. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: पाळी गेल्यावर कधी अंगावरून लाल गेले का? "एकदा डाग पडला होता, तीन महिन्यांमागे. उष्णतेनं झालं म्हणून कुणाला बोलले नाही." ज्या शब्दाखाली दोन रेघा होत्या त्याच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती, आणि ज्या डागाची खरोखर तपासणी व्हायला हवी होती तो त्यांनी साडीबरोबर धुऊन टाकला होता. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक थेंबही डॉक्टरांना सांगायचाच असतो, आणि त्याचे कारण कळल्याशिवाय इस्ट्रोजेन सुरू करायचे नसते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे क्रीम तूर्त थांबवून त्यांना त्याच आठवड्यात परत स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. कन्नड त्यांना बाजारापुरतेच येते, म्हणून डागाची तारीख कागदावर लिहून दिली. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर ४ मिलिमीटरच्या आत निघाले, रक्तातली साखरही ठीक होती. डाग पातळ, कोरड्या झालेल्या त्वचेतूनच आला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले आणि त्यांनी क्रीम नव्याने सुरू केले.

पुढच्या भेटीत आम्ही टेबलावर ती नळी ट्यूबला जोडून, खुणेपर्यंत क्रीम भरून पाहिले. त्यांना सांगितलेला क्रम असा होता: पहिले दोन आठवडे रोज रात्री झोपताना, नंतर सोमवारी आणि गुरुवारी. वापरून झाल्यावर नळी कोमट पाण्याने धुवायची, आणि अंग धुताना योनीत साबण किंवा जंतुनाशक घालायचे नाही. संबंधाच्या आधी वंगण म्हणून हे क्रीम वापरू नये, त्यासाठी साधे पाण्याचे वंगण वेगळे मिळते. गुण यायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. अंगातून वाफा निघणे मात्र याने थांबत नाही, हेही सांगितले, नाहीतर त्यासाठी जास्त लावले जाते.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा मधल्या काळात अँटिबायोटिकची वेळ आली नव्हती. घरातल्या गोष्टीबद्दल त्यांनी नुसते हसून "बरं आहे" म्हटले. मग कोल्हापूरच्या बहिणीचे काढले: तिलाही हाच त्रास आहे, दोन वर्षांपूर्वी स्तनाचे ऑपरेशन झाले आहे, ही उरलेली ट्यूब तिला देऊ का?

"नको, आक्का," मी म्हटले. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने आधी हॉर्मोनविरहित मॉइश्चरायझर वापरून पाहायचे असते, आणि त्याने भागले नाही तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचे असते. शरीरातले इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेषच. बहीण रोज कोणती गोळी घेते ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला आणि पाकिटावरचे नाव एकेक अक्षर करून वाचायला सांगितले.