आधी एक पावसाळा

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर तुम्ही अल्मोड्याकडे घेतलेल्या जुन्या दगडी गोठाचे, गुरांच्या त्या घराचे, मोबाइलवरचे तुझे सगळे फोटो चष्मा पुसून पुन्हा बघितले. सव्वीस आहेत. छपराचे, दाराच्या कोरीव चौकटीचे, समोरच्या हिमशिखरांचे. मागच्या भिंतीचा एकच, आणि तोही हललेला. जिच्यावर तुमचं सगळं उभं राहणार किंवा पडणार, तिचा एकच फोटो!

तू ओट्यावर बसून विचारलंस, "काका, पाडावं की ठेवावं?" मी गप्प राहिलो, तर तुझा चेहरा उतरला. आजही उत्तर देत नाही, कारण तो प्रश्न विचारायची वेळच अजून आलेली नाही. तुम्ही दोघांनी त्या गोठापाशी आधी एक पावसाळा काढा. मग विचारा.

नोकरी सोडलीत ते बरं की वाईट, डोंगरात जाऊन राहणं शहाणपणाचं की नाही, यावर मी लिहिणार नाही. तुझ्या घरी ते पुरेसं बोलून झालेलं आहे. जुना दगड वाचवावासा का वाटतो, हेही आपल्या दोघांत समजावून सांगायला नको. लहानपणी तू आमच्या वाड्याच्या दालनात खांबाला पाठ लावून अभ्यास करायचीस. तुला ठाऊक आहे.

अल्मोड्याकडे खालच्या मजल्याला, गुरांच्या जागेला, गोठ म्हणतात हे तू सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्या गोठ्याचंच नाव. पण गोठ म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती गोमूत्राची. जिथे वर्षानुवर्षं गुरं बांधली, तिथली जमीन आणि भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग क्षारांनी भरलेला असतो. हे क्षार हवेतलं पाणीसुद्धा ओढतात. आज मार्च महिन्यात ती भिंत कोरडी ठणठणीत दिसते आहे. श्रावणात बघ. ती ओली होईल, सुकताना तिला लोणा फुटेल, पांढरी बुरशी आल्यासारखं दिसेल, आणि तुमचा हल्द्वानीचा ठेकेदार म्हणेल, "सिमेंटचं प्लास्टर मारू, वॉटरप्रूफ होईल."

त्या माणसाला थांबवायला म्हणून हे पत्र लिहितोय.

माझी हकीकत तुला अर्धीच माहीत आहे. १९८६ साली मी एकतीस वर्षांचा होतो, बांधकाम खात्यात ओव्हरसियर, दिवसभर साइटवर. वाड्याची मागची भिंत, देवघराच्या बाजूची, खालून ओली व्हायची. आई म्हणाली, "एक पाऊस घरी थांबून बघ, मग हात लाव." मी तिचं ऐकलं नाही. मला कळतं असं मला वाटत होतं. मे महिन्यात सुट्टी काढली, जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि बावीस दिवसांत आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. गुळगुळीत, करडा, सुरेख. त्या वर्षी भिंत कोरडी राहिली. मोहल्ल्यातली माणसं बघायला येत.

दुसऱ्या वर्षी ओल दोन फुटांवरून पाच फुटांवर चढली. तिला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. चुना पाणी आत घेतो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंट ते अडवून धरतं, मग पाणी दगडातूनच वर सरकतं. आपला ग्वाल्हेरचा वालुकाश्म पाणी पिणारा दगड. क्षार त्याच्या पोटात जाऊन सुकतात, स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची साल सुटते. सात वर्षांनी तो गिलावा पत्र्यासारखा सुटून पडला, तेव्हा त्याच्या पाठीला दगडाचा एक-एक इंच चिकटून आला होता. देवघराच्या कोनाड्याची महिरप त्यातच गेली.

आणि ओल येत कुठून होती? शेजारच्या घराची मोरी भिंतीपासून सहा फुटांवर खचली होती. बस, एवढंच. जोराच्या पावसात अर्धा तास त्या बोळात जो कोणी उभा राहिला असता, त्याला दिसलं असतं. आईला माहीत होतं. "पाऊस लागला की माजघराच्या आधी देवघर ओलं होतं," असं ती दर वर्षी म्हणायची. तुझ्या काकूलाही माहीत होतं, कारण बोळातलं पाणी बाहेर ढकलायला खराटा घेऊन तीच जायची. त्या दोघींनी त्या घरात पावसाळे काढले होते. मी फक्त झोपायला जात होतो. त्यांना एकदाही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं कमी व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

म्हणून विचारतो, ज्या आजीकडून तुम्ही तो गोठ घेतलात, त्या अजून गावात आहेत ना? त्यांना एक दिवस खुर्ची टाकून तिथे बसवा. पाणी आधी कुठून शिरायचं, कुठल्या कोपऱ्यात गुरं उभी राहायला नकार द्यायची, छपराचा कुठला भाग दर वर्षी शाकारावा लागायचा, हे विचारा. तुमच्या त्या तरुण आर्किटेक्टच्या आधी त्यांना विचारा.

आता मागची भिंत. फोटो हललेला असला तरी मधला फुगवटा मला दिसतो. तिकडच्या जुन्या भिंती एकसंध नसतात. दगडाचे दोन पदर, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि मध्ये चिपा नि माती. तुमची मागची भिंत डोंगराच्या अंगाची, म्हणजे वरच्या शेताचं पाणी तिच्या पाठीत झिरपणार. पाणी मधली माती धुऊन खाली नेतं, खाली ती साचून पाचरीसारखी बसते, आणि पदर एकमेकांपासून सुटतात. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड असेल तर भिंत तग धरते. तो दर दोन फूट उंचीला आणि आडव्यात दर चार फुटांना हवा, भारतीय मानकातही हाच हिशेब आहे. १९९१ साली उत्तरकाशीला आणि १९९९ साली चमोलीला भूकंप झाले तेव्हा मातीत रचलेल्या कितीतरी दगडी भिंती अशाच पदर सुटून कोसळल्या. आणि ठेकेदार त्याच भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकायला निघाला आहे! मातीतल्या सुट्या भिंतीच्या डोक्यावर एवढं वजन, तेही हलणाऱ्या डोंगरात. जावईबापूंना हे वाचून दाखव. तीन महिन्यांत राहायला येता येईल या वाक्याला ते भुलले आहेत. मी त्यांच्या वयाचा असताना बावीस दिवसांना भुललो होतो.

भिंत पावसात पडली तर, असं ते विचारतील. रास्त प्रश्न आहे. मेच्या आत फुगवट्याला बाहेरून आणि आतून टेकू द्या, खाली आडवी फळी घालून, नुसत्या जमिनीवर बल्ली टेकवून नाही. छपराचे सरकलेले पाथर, म्हणजे दगडी पाट्या, जागेवर बसवा, जिथे नाहीत तिथे ताडपत्री. त्या भिंतीच्या अंगाला कुणी झोपायचं नाही, सामानही ठेवायचं नाही. गावात खोली भाड्याने घ्या, रोज चालत या. टेकू लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते फक्त घराला श्वास घ्यायला वेळ देणं आहे. बाकी एक दगड हलवायचा नाही. एक पावसाळा.

आणि त्या पावसाळ्यात हात बांधून बसायचं असं मी म्हणत नाही. पाऊस लागला की रेनकोट घालून बाहेर पडायचं आणि डोंगराच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. पाणी वाहतं कुठून, थांबतं कुठे, पावळीचं पाणी जोत्यापासून किती लांब पडतं. पाऊस सुरू झाल्यापासून आतली भिंत ओली व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघ. तासाभरात ओली झाली तर पाणी वरून किंवा फटीतून येतंय. चार दिवसांनी ओली झाली तर डोंगरातून. दोन्हींचे उपाय वेगळे. ओलीची कड खडूने आखून तारीख टाक. वहीत सकाळी तू लिही, संध्याकाळी त्यांनी लिहावं, आणि एकमेकांचं वाचल्याशिवाय झोपू नका. एकाच भिंतीत दोघांना वेगवेगळं दिसतं. माझ्या घरात ही वही असती तर तिच्यात मोरी पहिल्याच पानावर असती.

सप्टेंबर संपेपर्यंत तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच लिहिलेलं असेल. मग मागे पाण्याचा चर खणा. पाया जिथे संपतो त्याच्या खाली जायचं नाही, आणि एका वेळी चार-पाच फुटांचाच तुकडा उघडायचा. तेवढा दगड-गोटे भरून झाला की पुढचा. भिंतीचा फुगलेला भाग उतरवावा लागेलच असं मला वाटतं. उतरवताना प्रत्येक दगडाला खडूने नंबर घाला. परत रचताना दगड खाणीत जसा आडवा होता तसाच आडवा बसवा. तिकडचा दगड थराथराचा असतो, उभा लावला की पापुद्रे सुटतात. चुन्याचं काम ऑक्टोबरच्या शेवटापर्यंतच. त्यानंतर दहिवर गोठायला लागलं की ओला चुना फुटतो. उरलेलं पुढच्या वसंतात. कळीचा चुना विरवताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, उसळतो. डोळ्यांवर चष्मा हवा. हे मी हसत सांगत नाहीये. आमच्या मिस्त्रींचा एक डोळा त्यातच गेला होता.

तेच मिस्त्री माझ्या वाड्याची ती भिंत पुन्हा करायला आले होते, गिलावा पडला त्या वर्षी. सत्तरीच्या पुढचे. खड्ड्यात चुना भिजत घालून आम्ही तीन महिने थांबलो, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, चाळली, गुळाचं आणि बेलफळाचं पाणी केलं. भिंतीवर गोणपाट टाकून काकू दिवसातून तीनदा पाणी मारायची. शेजारच्यांना पैसे देऊन मोरी आधी बांधून घेतली होती. त्यानंतर सहा पावसाळे ती भिंत कोरडी राहिली. सहा.

पुढे वाडा विकायचं ठरलं. भावाला अजूनही वाटतं की मी दोन वर्षं सही अडवली ती हट्टापायी, किंवा जास्त भाव यावा म्हणून. मी त्याला कधी सांगू शकलो नाही, ते तुला सांगतो. मला पैसे नको होते. बरोबर केलेली एक भिंत निदान माझ्या डोळ्यांसमोर उभी राहावी एवढंच हवं होतं. ती पाडायला जेसीबीला अर्धा दिवस लागला. बाकीचा वाडा दोन तासांत गेला होता. मोहल्ल्यात म्हणतात की मी तिच्यावर फुकट पैसा ओतला. ओतला, पण फुकट नाही. ती भिंत बरोबर होती, हे मी कुणासमोरही म्हणेन. चूक १९८६ सालची होती, १९९३ सालची नाही.

विषय भरकटला. तुझ्याकडे येतो.

तू म्हणालीस, लोक विचारतात काम कुठवर आलं, आणि सांगायला काहीच नसतं. नसू दे. आपलं लष्कर कसं वसलं? दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. आधी तंबू, मग हळूहळू वाडे, बाजार, समाध्यांच्या छत्र्या. गावाला नाव पडलं तेही छावणीचंच. माणसं आधी त्या जमिनीवर राहिली, पाणी कुठे आहे ते बघितलं, मग दगड रचला. तुम्ही एक चौमासा तंबू टाकल्यासारखे राहिलात तर काही बिघडत नाही. कुणी विचारलं तर सांग, पावसाची वाट बघतोय. खरंच आहे ते.

जावईबापूंवर रागावू नकोस. त्यांना काहीतरी उभं राहिलेलं दिसायला हवं आहे, कारण नोकरी त्यांनीही सोडली आहे. त्यांना आत्ता हातात काम दे. टेकूची लाकडं बघणं, गावात चुना मिळतो का ते शोधणं, हातोडी-छिन्नीने पडलेले दगड घडून बघणं. पण भिंतीला हात नाही. यावर तुमचं भांडण झालं तर होऊ दे, तू मागे हटू नकोस. आईने माझ्याशी भांडायला हवं होतं. ती एकदाच बोलली आणि गप्प बसली.

काचेच्या बारा पट्ट्या इथून कापून घेतल्या आहेत, उद्या पार्सल करतो. सोबत प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी आहे. मागच्या भिंतीत जिथे-जिथे तडा आहे तिथे पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटव आणि शेजारी तारीख लिही. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. फुगवट्याच्या दोन्ही कडांना तीन-तीन, दाराच्या वरच्या कोपऱ्यांना एक-एक, उरलेल्या चार तुला योग्य वाटेल तिथे. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा माझा ओळंबाही त्याच डब्यात घातला आहे, मिस्त्रींनी दिलेला, पितळेचा. दोरी नवी लावली आहे.

पहिली काच तडकली की फोन कर. रात्री कितीही वाजता.

तुझा,
काका