वाचकांचे प्रश्न : धोरणाचा अभ्यास गावातून कसा करायचा?

प्रश्न : बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेतलं आहे. प्रकल्पासाठी ‘विदर्भातील शेतकरी आत्महत्या आणि शासनाचे धोरण’ असा विषय ठरवला. दोन महिने वाचतोय, पण लिहायला बसलं की पेपरात येतं तेवढंच उतरतं. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : विषय फार मोठा घेतलात. त्यात कर्ज, हमीभाव, सिंचन, पीकविमा, आरोग्य अशी निदान पाच धोरणं आहेत, आणि चार महिन्यांत एका विद्यार्थ्याला त्यातलं एकही पूर्ण पाहून होत नाही. एक योजना घ्या आणि एकच गाव घ्या. उदाहरणार्थ शेतात तळं खोदायला अनुदान देणारी ‘मागेल त्याला शेततळे’. त्या योजनेतली तळी आजही वावरात दिसतात आणि कागदही मिळतात.

आधी शासन निर्णय, म्हणजे जीआर, मिळवा. फेब्रुवारी २०१६ चा हा जीआर नियोजन विभागाच्या रोहयो (रोजगार हमी योजना) शाखेनं काढला, राबवला मात्र कृषी खात्यानं. म्हणून शासनाच्या संकेतस्थळावर कृषी विभागात शोधणारा रिकाम्या हातानं परततो. बहुतेक मुलं जीआरमधला फक्त ‘शासन निर्णय’ हा भाग वाचतात. सुरुवातीचं ‘वाचा’ हे सदर सोडू नका. आधीच्या कोणत्या निर्णयांच्या आधारावर हा उभा आहे ते तिथं कळतं. लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक, दिलं असेल तर टिपून ठेवा, अर्थसंकल्पात त्या योजनेचा पैसा त्याच क्रमांकाखाली शोधायचा असतो. नंतरची शुद्धिपत्रकंही बघा. मूळ अट पुढे बदललेली असली आणि तुम्ही जुनीच लिहिली, तर तोंडी परीक्षेत तिथंच अडकाल.

मग आकडेमोड स्वतः करा. सर्वांत मोठं तळं ३० × ३० × ३ मीटर, अनुदान जास्तीत जास्त ५०,००० रुपये. बाजूंना १:१ उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आत) धरला तर तळाशी २४ × २४ मीटर उरतात आणि खोदकाम होतं २,१९६ घनमीटर. म्हणजे घनमीटरला साधारण पावणेतेवीस रुपये. आता त्या वर्षी तुमच्याकडे पोकलेनचा तासाचा भाव काय होता आणि तासाला किती माती निघायची, हे दोन वेगळ्या मशीनवाल्यांना विचारा. खाली कडक मुरूम किंवा दगड लागला की तास वाढतात, अनुदान तेवढंच राहतं. वरचा पैसा कास्तकारानं कुठून आणला, सोयाबीन विकून, पाहुण्यांकडून की सावकाराकडून, ही तुमच्या प्रकल्पाची सगळ्यात मोलाची पानं ठरतील. प्लास्टिकच्या अस्तराचा खर्च या अनुदानात नव्हता, आणि मुरमाड वावरात अस्तराशिवाय पाणी झिरपून जातं. तेव्हा तळ्यांची संख्या मोजून थांबू नका. रब्बीत त्यातून किती पाणी दिलं, ते विचारा.

ज्यांचं तळं झालं त्यांनाच भेटायचं, ही या प्रकल्पांतली सगळ्यात मोठी चूक. मग ‘योजना यशस्वी’ हा निष्कर्ष घरूनच लिहून नेता येतो. तीन गट करा : तळं खोदलेले, मंजुरी मिळूनही न खोदलेले आणि अर्जच न केलेले. प्रत्येक गटात आठ-दहा जण पुरे. तिसऱ्या गटाला सर्वांत जास्त वेळ द्या. किमान ०.६० हेक्टरची अट होती, म्हणजे दीड एकराखालचा कास्तकार दारातच अडला. कुणाचा सातबारा सामाईक असतो आणि भाऊ सही देत नाही. अनुदान काम झाल्यावर खात्यात यायचं, त्यामुळे आधी मशीनला द्यायला हातात पैसा नव्हता, असंही ऐकायला मिळेल. ‘मागेल त्याला’ या नावातून कोण कोण गळलं, ते इथं कळतं.

कृषी सहायकाला (आता पदनाम ‘सहायक कृषी अधिकारी’) जरूर भेटा. जागा योग्य की अयोग्य, हा शेरा तोच वावरात उभा राहून देतो. लोकांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांचे रोजचे निर्णयच प्रत्यक्षात धोरण होऊन बसतात, असं मायकेल लिप्स्की या अमेरिकी अभ्यासकानं १९८० मध्ये मांडलं. तुमच्या कृषी सहायकाकडे किती गावं आहेत, किती जागा नाकारल्या, कारण काय नोंदवलं, एवढं मिळालं की सिद्धांताचं प्रकरण आपोआप तुमच्या गावाशी जोडलं जातं. त्याला आरोपीसारखं मात्र विचारू नका. एका माणसावर किती कागद येतात, हाही अभ्यासाचाच भाग आहे.

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात कुणी भेटत नाही. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर दिवेलागणीनंतर. प्रश्न पंधराच्या वर नकोत. ‘योजनेबद्दल समाधानी आहात का?’ हा प्रश्न काढूनच टाका. तुम्हाला खात्याचा माणूस समजून सगळे ‘हो’ म्हणतात. तारखा विचारा : अर्ज कधी केला, पाहणी कधी झाली, पैसे कधी जमा झाले. शेवटची तारीख पासबुकातूनच घ्या, आठवणीवर जाऊ नका. खाते क्रमांक मात्र उतरवू नका.

प्रश्न : बी.ए. मराठी माध्यमातून झालं. धोरणाचाच अभ्यास करायचा आहे. एम.ए. राज्यशास्त्रात करावं की लोकप्रशासनात?
– एक वाचक, देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : आमचा कौल राज्यशास्त्राला. लोकप्रशासनाचा भर निर्णय राबवण्यावर असतो. तो कुणाच्या दबावानं झाला आणि कुणाला वगळून झाला, हे राज्यशास्त्र विचारतं. तुमच्याच जिल्ह्याचं बघा. वनहक्क कायदा २००६ चा, साऱ्या देशाला एकच. तरी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला आणि कितीतरी गावं मागे राहिली. ग्रामसभेची आधीची बांधणी पाहिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही, आणि तो राज्यशास्त्राचा प्रांत.

जोडीला टक्केवारी, सरासरी, मध्यक आणि संगणकावर तक्ते करणं शिकून घ्या. याशिवाय धोरणाचं काम होत नाही. माध्यमाची भीती नको. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी राज्याची सेट आणि देशपातळीवरची नेट अशा दोन परीक्षा असतात. सेटला राज्यशास्त्राचा पेपर मराठीतून देता येतो. नेटला इंग्रजी किंवा हिंदी लागते. वही दोन रकान्यांची ठेवा, एकीकडे मराठी संज्ञा, दुसरीकडे तिचा इंग्रजी शब्द. एक अडचण आधीच सांगतो : ‘सार्वजनिक धोरण’ आणि ‘लोकनीती’ एकाच अर्थानं येतात, गोंधळू नका.

प्रश्न : प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. २२ प्रश्न होते. ‘अर्ज नियमानुसार नाही’ म्हणून परत आला.
– एक विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. तेव्हा विषय वेगळे करून स्वतंत्र अर्ज द्या, प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका; ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, असलेला कागद देणं आहे. ‘अमुक वर्षाचं अंदाजपत्रक, नमुना १, प्रत मिळावी’ असं नेमकं लिहा. झेरॉक्सचे पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह, घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.