नदीचा गळ खाडीत
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सांगली, भंडारा, सातारा अशा गोड्या पाण्याच्या मुलखातून ठाणे-नवी मुंबईत राहायला आलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. तिकडे हमखास चालणारं सामान इकडे हात का देत नाही, हीच बहुतेकांची तक्रार आहे.

प्रश्न : सांगलीत कृष्णेवर रोहू-मृगळ धरायची सवय. सात फुटी काठी, ०.२८ मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोर), दहा ग्रॅमचं शिसं आणि कणकेचा गोळा. आता ऐरोलीला राहतो. खाडीत शिसं एकतर वाहत काठाला येतं, नाहीतर चिखलात रुतून बसतं. आमिष दहा मिनिटांत गायब. काय काय बदलावं लागेल? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आधी जागेचं बोलू. ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यानच्या खाडीत २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. घराजवळचं पाणी असलं तरी अभयारण्याच्या हद्दीत हौसेचा गळ टाकू नका. कांदळवनातही शिरू नका. पुलाच्या कठड्यावरून तर मुळीच नको, मागून गाड्या धावत असतात. कोळीवाड्यांच्या जेट्ट्यांवर, उदाहरणार्थ दिवाळे किंवा सारसोळे इथे, आधी तिथल्या लोकांना विचारा. डोल, बोकशी ही जाळी कुठे लावली आहेत ते त्यांना माहीत असतं. जाळ्याच्या ओळीत गळ अडकला की त्यांचं जाळं फाटतं आणि दिवसाची कमाई जाते.

आता सामान. कृष्णेचं पाणी एकाच दिशेने आणि बहुतेक वेळा संथ जातं. खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं, आणि उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) मधल्या दोन तासांत त्याला जबरदस्त ओढ असते. दहा ग्रॅम तिथे टिकणार नाही. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असते तेव्हा) ४० ते ६० ग्रॅम, उधाणाला ८० ते १२० ग्रॅम शिसं धरा. गोल शिसं तळावर गडगडत जातं, टोकदार शिसं मऊ चिखलात खोल जातं. म्हणून चपट्या चकतीचं घ्या.

हे वजन सात फुटी हलक्या काठीवर लावून फेकलंत तर काठी टोकाशी किंवा सांध्याशी मोडेल. काठीवर किती ग्रॅमपर्यंत फेकता येईल ते छापलेलं असतं. खाडीसाठी नऊ ते दहा फुटी, ५० ते १५० ग्रॅमची काठी बघा. जुनी काठी टाकून देऊ नका. भांगाच्या दिवशी जेट्टीला लागून बोयटं (बोय मासे) धरायला तीच उत्तम.

बांधणीही उलटी करावी लागेल. नदीत शिसं वर आणि गळ खाली, तळावर पडलेला असतो. खाडीत तसं केलं की आमिष गाळात गाडलं जातं आणि माशाला त्याचा पत्ताच लागत नाही. इथे शिसं सगळ्यात खाली आणि गळ त्याच्या वर हवा. मुख्य तंगूस ०.४० मिमी. त्याच्या टोकाला स्विव्हल (फिरती कडी). स्विव्हलपासून खाली ०.६० मिमीचा मीटरभर जाड तंगूस. या जाड तंगुसाला खालच्या टोकापासून वीसेक सेंटिमीटर वर एक फास काढा आणि त्यात २० ते २५ सेंटिमीटरचा गळाचा दोर बांधा. शिसं मात्र जाड तंगुसाला थेट बांधू नका. मध्ये वीतभर ०.२५ मिमीचा कच्चा तंगूस घाला. शिसं कालवांच्या खडकात अडकलं की तो कच्चा तुकडा तुटतो, शिसं जातं आणि बाकीचं सगळं, कधीकधी मासासुद्धा, हातात राहतं. फेकताना झटका मारू नका, नाहीतर तोच तुकडा हवेत तुटेल. काठी मागे नेऊन एका लयीत फेका, आणि मागे-पुढे माणूस नाही हे आधी बघा.

जिताडा या मोठ्या माशाच्या आशेने बसणार असाल तर गळाचा दोर ०.७० ते ०.८० मिमीचा हवा. जिताड्याला कापणारे दात नाहीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. मासा डोकं झटकतो तेव्हा पातळ तंगूस तिथेच कापला जातो. तुमचं बोटही कापलं जाईल, म्हणून कल्ल्यात हात घालू नका, खालचा जबडा धरा. शिंगाळा या काटेरी माशाच्या बाबतीत तर पक्कड हातात असल्याशिवाय गळ काढायला जाऊ नका. पाठीवरचा एक आणि छातीजवळचे दोन असे तीन काटे विषारी असतात. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. दुखणं बधिर झाल्यामुळे पाणी किती गरम आहे ते कळत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने तपासत राहा. काटा आत मोडला असेल तर तो काढायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा.

आमिषाचं म्हणाल तर गांडूळ खाऱ्या पाण्यात लगेच लुळं पडतं, आणि कणकेचा गोळा लहान मासे नि खेकडे मिळून साफ करतात. खाडीचं राजमान्य आमिष कोळंबी. मेलेली कोळंबी सोलून शेपटीकडून गळावर चढवा, टोक मोकळं ठेवा आणि शिवणकामाच्या बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे सहा-सात वेढे द्या. गाठ मारायची गरज नाही, दोरा ताणून तोडला की आपोआप बसतो. जिवंत कोळंबी मिळाली तर कपाळावरच्या काट्याच्या मुळाशी, डोक्यातला काळा ठिपका टाळून गळ घाला. त्या ठिपक्याला टोक लागलं की ती लगेच मरते. कणीक सोडवत नसेल तर बोयटांसाठी ठेवा. कणीक-मैदा निम्मा निम्मा, घट्ट मळताना त्यात चिमूटभर पिंजलेला कापूस. तंतूंमुळे गोळा ओढीत टिकतो. त्याला ८ किंवा १० नंबरचा लहान गळ आणि हलका तरंगा.

मोठ्या माशासाठी २/० ते ४/० चा आत वळलेल्या टोकाचा सर्कल गळ घ्या. इथे तुमची सगळ्यात जुनी सवय मोडायची आहे. रोहूने ओढलं की आपण झटका देतो. सर्कल गळावर झटका दिला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. मासा दोर घेऊन निघू द्या, काठी हळूच उचला आणि गुंडाळायला लागा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, पोटात जात नाही. मासा लहान निघाला तर जिवंत सोडता येतो, हा त्याचा मोठा फायदा. रिळाचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा तंगूस सुटू देणारा ब्रेक) तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा. नऊ किलोच्या तंगुसाला सव्वादोन ते तीन किलो. सामान तोलायचा हातकाटा तंगुसाला बांधून ओढला की नेमका आकडा कळतो.

प्रश्न : दर रविवारी सकाळी सहाला जातो. कधी पाणी काठाला भिडलेलं, कधी नुसता चिखल. वेळ कशी ठरवायची? (एक वाचक, कळवा)

उत्तर : रविवार सोडा, तिथी धरा. नदीवर पहाट आणि संध्याकाळ महत्त्वाची, खाडीवर भरतीची वेळ महत्त्वाची. मुंबईच्या किनाऱ्यावर चालत आलेला हिशोब असा : तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित लागू. एका भरतीनंतर दुसरी साधारण सव्वाबारा ते साडेबारा तासांनी येते, त्यामुळे रोजची वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मुंबईच्या भरतीच्या छापील वेळा ताडून बघा. शिवाय समुद्राच्या तोंडाशी आलेली भरती कळव्यापर्यंत चढायला वेळ घेते. आपल्या जागेवर पाणी थांबलं ती वेळ आणि छापील वेळ यांतला फरक वहीत लिहून ठेवा. दोन-तीन नोंदींत तुमच्या जागेचा फरक हाती येईल.

गळ टाकायची वेळ म्हणजे चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि सुकती (ओहोटी) लागल्यावरचा पहिला तास. चढत्या पाण्याबरोबर मासा काठाकडे चरायला येतो. सुकतीला कांदळवनातलं पाणी लहान ओढ्यांतून खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि पिल्लं वाहत येतात आणि जिताडा ओढ्याच्या तोंडाशी दबा धरून बसतो. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जोरात असतं. नवख्याने ते दिवस टाळून पंचमी ते सप्तमीच्या पाण्यावर सुरुवात करावी. ओढ बेताची असते आणि शिसं जागेवर राहतं.

पूर्ण ओहोटीला चिखलात उतरून पाण्यापर्यंत जायचा मोह होतो. उतरू नका. वरून सुकलेला दिसणारा गाळ मांडीपर्यंत धरतो, आणि पाय सुटेपर्यंत मागच्या नाळेत (पाण्याच्या चिंचोळ्या वाटेत) भरती भरून येते.

प्रश्न : नवीन रीळ एका मोसमात जाम झालं. प्रत्येक वेळी नळाखाली चांगलं जोरात धुतो, तरीही. (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : जोरात धुता, म्हणूनच. पाण्याचा जोर बाहेरचं मीठ आत ढकलतो. रीळ बादलीत बुडवून ठेवण्यानेही तेच होतं. घरी आल्यावर आधी ड्रॅगचं बटण पूर्ण घट्ट करा, म्हणजे त्याच्या चकत्यांत पाणी शिरत नाही. मग गोड्या पाण्याचा हलका फवारा, पुसणं आणि सावलीत वाळवणं. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा, घट्ट राहिला तर चकत्या दबून पुढच्या वेळी झटके देतात. तंगूस ज्या बारीक चाकावरून आत येतो त्याला आणि हँडलच्या सांध्याला पातळ तेलाचा एकेक थेंब. आतल्या दात्यांना मात्र तेल नको, ग्रीस हवं. ते छोटं चाक फिरायचं थांबलं की तंगुसाला पीळ बसतो आणि फेकताना गुंते होतात. बहुतेक जण तेव्हा तंगूस बदलतात, दोष चाकात असतो. स्पूल (तंगूस गुंडाळायची चकरी) वेगळा काढून गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा, कारण गुंडाळलेल्या दोराखाली खारं पाणी अडकून राहतं. वापरलेले गळ कोऱ्या गळांच्या डबीत टाकू नका. एक ओला गळ सगळी डबी गंजवतो.

प्रश्न : भंडाऱ्यात तलावावर वापरायचो तो पाग (फेकून टाकायचं गोल जाळं) इथे नीट बंद होत नाही. (एक वाचक, दिवा)

उत्तर : शिसं कमी पडतंय. ओढीत जाळं तळाला पोहोचायच्या आत वाहतं आणि मासा खालून निघून जातो. आठ फूट त्रिज्येच्या पागाला एकूण साडेतीन ते पाच किलो शिसं हवं. पाणी थांबतं त्या वीस-पंचवीस मिनिटांतच फेका. तिवरांच्या मुळांजवळ आणि कालवं धरलेल्या दगडांवर पाग फेकला तर तो फाटणारच. तलावावरची बारीक आसाची (छिद्रांची) जाळी इथे आणू नका. कांदळवनाच्या कडेला जिताडा, बोय, कोळंबी यांची पिल्लं वाढत असतात, ती त्यात मरतात.

प्रश्न : साताऱ्याकडे आमच्याकडे सशाला, डुकराला फासे लावायचे. घोडबंदर रोडला राहायला आलोय, मागे येऊरचा डोंगर आहे. इथे काय चालतं? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : काहीही चालत नाही, आणि साताऱ्यातही चालत नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, फासा लावणं हीसुद्धा त्यात शिकारच. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात बिबट्या अडकतो, सुटायच्या धडपडीत तार मांसात रुतते. डोंगरात कुठे तार, फासा दिसला तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तुमच्याकडचे जुने फासे मोडीत काढा आणि छंद पुरवायचाच तर गळ घ्या.

प्रश्न : खाडीतली चिंबोरी (खेकडा) कशी धरायची, आणि इथलं खावं का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : धरणं सोपं. ४० ते ४५ सेंटिमीटर व्यासाच्या लोखंडी कडीला जाळं, मध्ये माशाचं डोकं किंवा कोंबडीचे पाय घट्ट बांधलेले, वर दोर आणि तरंगा. चढत्या पाण्यावर टाका, दर दहा-पंधरा मिनिटांनी एका दमात वर खेचा. हळू खेचलं की चिंबोरी कडेवरून उतरते. पोटाखाली अंडी असलेली मादी लगेच सोडा. नांग्या मागून दाबून धरा आणि आधी बांधा, मग पिशवीत टाका.

खाण्याचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या खाडीत आलं आहे आणि गाळात जड धातू साचले आहेत. शिजवल्याने धातू जात नाहीत. कालवं आणि शिंपल्या पाणी गाळून खातात, म्हणून नाल्यांच्या तोंडाजवळची कधीच खाऊ नका. चिंबोरीच्या कवचाखालचा पिवळा-तपकिरी भाग बऱ्याच जणांना आवडतो, पण धातू तिथेच जास्त साचतात, तो काढून टाका. माशाची आतडी, कल्ले, कातडी आणि पोटाची चरबी काढा. कापताना रॉकेलसारखा वास आला तर मसाल्याने तो झाकू नका, मासा फेकून द्या. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांच्यासाठी मासळी खाडीतली नको, बाजारातून खोल समुद्रातली आणा.