नकाशा उघडण्याआधी एक तलाव निवड

भाऊ, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायला शिकायचंय म्हणतोस, उत्साह मस्त आहे, पण अख्ख्या विदर्भाचा डेटा उतरवून बसू नको. मीही तेच केलं होतं. हार्ड डिस्क भरली, हाती काही लागलं नाही.

आधी प्रश्न छोटा कर. नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी मार्च ते मे किती आटतं, एवढाच. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, चित्रातला एक ठोकळा (पिक्सेल) म्हणजे जमिनीवरचे १० मीटर बाय १० मीटर, साधारण ५ दिवसांनी नवीन चित्र. सुरुवातीला भरपूर झालं.

नवीन माणूस हमखास इथे घसरतो:

- नोव्हेंबरचं चित्र मेच्या चित्राशी लावतो आणि "हिरवळ संपली" म्हणतो. अरे बापा, कापूस-सोयाबीन निघून गेलं, वावर रिकामं आहे! काटोलकडच्या संत्र्याच्या बागा बघ, त्या मेमध्येही हिरव्या दिसतील. तुलना त्याच महिन्याची, वेगवेगळ्या वर्षांची.
- लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहाचं तापमान म्हणजे जमिनीचं, तेही सकाळी साडेदहाच्या सुमाराचं. नागपुरातल्या सोनेगाव वेधशाळेच्या हवेच्या तापमानाशी ते जुळणार नाही.
- पावसाळ्यात ढग. ती चित्रं सध्या सोड. ढगांतूनही दिसणाऱ्या रडार उपग्रहांचं नंतर बघू.

आणि तलावावर जाऊन ये. माझ्या नकाशात एकदा काठाजवळ पाणी गायब, सगळं हिरवंगार. वाटलं, गाळ साचून झुडपं उगवली असणार. गाडी काढून गेलो तर जलपर्णी! खाली पाणी होतंच.

पंचायतीला किंवा पालिकेला काही दाखवायचं असेल तर रंगीत नकाशा एकच ने, सोबत जागेवरचा फोटो. मशीन लर्निंगचं (संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्याचं) मला सहा महिन्यांनी विचार.