रिपोर्टमध्ये जिवाणूसमोर 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालेल) असूनही अँटिबायोटिक लागू पडत नाही. लॅबची चूक असेल का? कोर्स वाढवावा का?

लॅबची चूक! हे उत्तर सगळ्यांच्या तोंडावर तयारच असतं. मी मायक्रोबायोलॉजीतली आहे, त्यामुळे ते मलाही ऐकवून झालंय. पेशंटला न्यूमोकॉकस या जिवाणूचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणांचा संसर्ग) होता आणि आम्ही पेनिसिलिन 'एस' कळवलं होतं. उपचार चालू असताना पाठीतलं पाणी पुन्हा काढलं, तर त्यातही तोच जिवाणू वाढला. वॉर्डातल्या वरिष्ठ डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, डिस्क बदला तुमच्या." डिस्क म्हणजे तपासणीतल्या औषधाच्या चकत्या.

डिस्क नाही बदलल्या, एमआयसी लावली, म्हणजे वाढ रोखायला किमान किती औषध लागतं ते वाढत्या डोसच्या नळ्यांत पाहिलं. ०.०३ मायक्रोग्रॅमपासून पुढची एकही नळी गढूळ नव्हती, म्हणजे 'एस' बरोबरच होतं. मग त्याच नळ्यांतले थेंब ब्लड अगरवर (रक्त घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या थाळीवर) टाकले. सकाळी ०.५ पर्यंतच्या प्रत्येक थेंबाखाली हिरवट कडेच्या कॉलनी, म्हणजे जिवंत जिवाणूंचे ठिपके! मारायला १ लागलं, रोखायला लागतं त्याच्या ३२ पट. याला टॉलरन्स म्हणतात. रेझिस्टन्स वेगळा, त्यात एमआयसीच वाढते. एरवी न्यूमोकॉकसच्या कॉलनी मधोमध खचतात, या मात्र टम्म राहिल्या.

खचतात त्या स्वतःच्याच लायटए एन्झाइममुळे. पेनिसिलिन पेशीभित्तिकेचं बांधकाम अडवतं, पण जिवाणू फुटतो तो मुख्यतः या एन्झाइमने. ते कामाला लागलं नाही तर वाढ थांबते, जीव जात नाही, आणि औषध उतरलं की स्वारी पुन्हा सुरू. संशोधक टोमाझ यांनी हे १९७० मध्येच दाखवलं होतं. १९९९ मध्ये टुओमानेन यांच्या गटाने व्हॅन्कोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला टॉलरंट न्यूमोकॉकसही दाखवला. तरी फोन लॅबलाच!

न्यूमोनियात हे बरेचदा खपून जातं, उरलेसुरले जिवाणू पांढऱ्या पेशी गिळतात. मेंदूभोवतीच्या पाण्यात अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (जिवाणू मारायला मदत करणारी रक्तातली प्रथिनं) नगण्य, तिथे मारायचं काम औषधालाच करावं लागतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. 'एस' असून ताप न उतरण्याची कारणं बहुतेकदा साधीच निघतात: डोस अपुरा, कुठेतरी पू साठलेला, औषध जागेवर पोचत नाही. कोर्स स्वतःहून वाढवूही नका, सोडूही नका. टॉलरन्स रोजच्या तपासणीत दिसत नाही. एमबीसी (मारायला लागणारं किमान प्रमाण काढायची तपासणी) वेळखाऊ असते आणि तिचे आकडे लॅबगणिक हलतात, हेही खरं. पण 'लॅबने घोळ घातला' असं कोणी म्हणालं, तर नमुना दुसरीकडे पाठवण्याआधी पहिल्या लॅबला विचारा की जिवाणू राखून ठेवलाय का. मेनिंजायटिसचे आम्ही तरी फ्रीझरमध्ये ठेवतोच.