तांब्या दाराबाहेर ठेवा

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघं (वय ५८ आणि ५४) लडाखला जातोय. हेमिस शुक्पाचन गावात एका शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री राहायचं ठरलंय. आम्ही शाकाहारी. जेवण आणि संडास, दोन्हींची हिला धास्ती आहे. भेट काय न्यावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जेवणाची धास्ती सोडा. ‘स्क्यू’ म्हणजे आपल्या चकोल्यांची चुलत बहीणच. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे, बटाटा-गाजराबरोबर रटरट शिजवलेले. कधी मांसही घालतात, म्हणून आधीच कळवून ठेवा.

खरी गंमत चहाची. लोणी-मिठाचा गुरगुर चहा. एक घोट घेतला की आमा-ले (घरची आई) ‘डोन-ले, डोन-ले’ (घ्या, घ्या) म्हणत पेला परत काठोकाठ भरणार. भिडेपोटी मी सात पेले रिचवले आणि रात्रभर जागी! पुरे झाला की पेला भरलेलाच राहू द्यावा, उठताना संपवावा, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आता संडास. वरच्या मजल्यावर मातीची खोली, जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती लोटायची, बस. पाणी अजिबात नाही. खाली साचतं ते वसंतात शेतात जातं, ते कोरडं राहिलं तरच वास येत नाही. मी सवयीने तांब्या घेऊन गेले होते. आमा-ले बोलल्या नाहीत, पण नंतर स्वतः जाऊन चार फावडी राख टाकून आल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद न्या, हात बाहेर येऊन धुवा.

भेट म्हणून शेंगदाण्याची चिक्की न्या, वेष्टनं मात्र परत आणा. तिथे घंटागाडी येत नाही. राहण्याचे पैसे आधी ठरलेले असतील तेवढे घरच्या बाईच्या हातात द्या. घासाघीस नको.

आणि हो, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. उतरल्यावर दोन दिवस तिथेच पडून राहा, औषधांचं डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या.

संध्याकाळी खोलीत बसू नका. स्वयंपाकघरात चुलीजवळ जागा दाखवतील, तिथे बसा. वहिनींना कणीक दाबायला घेतील. चकोल्या येत असतील तर हात लगेच बसतो.